डावी बाजू वर

तिचं नाव गेल.
मराठी कानाला अर्धवट सुटलेलं क्रियापद.
सात वर्षं दातांच्या एकाच लॅबमध्ये शेजारी बसतो आम्ही,
ती दाढांना रंग चढवते, मी चावा घासून बसवते,
आणि अजूनही तिला हाक मारली की
जीभ पुढच्या मात्रेसाठी थांबते.

शुक्रवारी स्टॉक्टनहून निघालो, नव्याण्णव नंबरचा हायवे.
मडेराच्या अलीकडेच गाडीचा एसी दमला.
काच खाली केली तर भट्टीचं तोंड.
दोन्हीकडे बदामाच्या बागा, पानापानावर धूळ.
गेल म्हणाली, आईचा हा पहिला ओबोन,
पहिल्या वर्षी जावं लागतं.
पुढे बरंच समजावत राहिली: दिवे, पितर, तीन दिवस.
मला ते "जावं लागतं" तेवढ्यातच कळलं होतं.

रीडलीत देवळासमोर पार्किंग लॉट,
डांबरावर खडूची तीन वर्तुळं, एकात एक.
मधोमध मचाण, शेतात राखणीला असतं तसं,
वर ढोलाशी एक शाळकरी पोरगा,
हसला की ब्रेसेस चमकायचे.
(खालचा दात अजून वाकडाच आहे, गेल पुटपुटली.)

मला तिच्या आईचा युकाता दिला होता,
निळ्यावर पांढरे चतुर.
मोटेलच्या आरशात स्वतःच नेसले, तिला विचारलं नाही.
साडी नेसणाऱ्या बाईला काय शिकवायचं!
तर चिकनच्या रांगेतून एक म्हातारी,
जेमतेम माझ्या खांद्याएवढी,
तरातरा आली, न विचारता माझा पट्टा सोडला,
उजवी बाजू आत, डावी वर,
करकचून आवळला आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली.
आधीच्याच जागी. कुणी काही बोललं नाही.

गेल हसली नाही.
म्हणाली, उजवी वर फक्त मेलेल्यांना.
मग खूप वेळाने, बर्फाचा गोळा वितळत असताना:
मार्चमध्ये आईला मीच नेसवलं.
उलटं करायची हाताला सवयच नव्हती,
दोनदा सुलटंच झालं.

तिची आई ॲरिझोनाच्या छावणीत जन्मलेली,
काटेरी तारेच्या आत. एवढंच सांगितलं तिने.
कंदिलाच्या टेबलावर नाव लिहिलं, दहा डॉलर दिले.
टेबलामागच्या माणसाने माझ्यापुढेही ब्रश धरला,
कुठल्याही लिपीत चालेल, म्हणाला.
नाव होतं माझ्याकडे. दहा डॉलरही होते.
मी ब्रश खाली ठेवला.

मग ढोल.
दोनशे माणसं खडूवर उभी,
टोप्या, किमोनो, एक बाई नर्सच्या कपड्यांत, कामावरून थेट.
खणायचं, खणायचं, खांद्यावरून मागे टाकायचं,
कपाळावर हात धरून चंद्र बघायचा,
ढकलगाडी पुढे, ढकलगाडी पुढे, टाळी.
भोंडल्यासारखंच की! ओठांवर आलं होतं,
गिळलं. प्रत्येक गोष्टीला आपल्यासारखं व्हायची सक्ती कशाला.

मी सगळ्यांच्या एक पाऊल मागे.
पुढची खणायची तेव्हा मी चंद्र बघत होते.
चौथ्या फेरीला कधीतरी
ते न लिहिलेलं नाव ढोलाच्या मात्रेत येऊन बसलं,
दोन अक्षरं, जड आणि हलकं,
आणि पाय आपसूक जुळले.
गेलला सांगितलं नाही. तिचं तोंड दुसरीकडे होतं,
मान ताठ, हात मात्र बरोबर.

रविवारी परत. अंगठ्याशेजारी चपलेचा फोड,
डिकीत पीचची पेटी, फ्रेझ्नोपर्यंत वास,
पुढे आंबूस.
युकाता घरी गार पाण्यात धुतला,
बाल्कनीच्या दोरीवर टाकला.
दोरीवर डावी-उजवी नसते,
वारा हवी ती बाजू वर घेतो.
बाहीवरचा सॉसचा डाग काही निघेना,
लिंबू लावलं, मीठ लावलं.
शेवटी तिला फोन केला.
तो तुझा नाही, गेल म्हणाली,
आईचा आहे, जुना.
राहू दे.