ती एक ओळ

चर्चची किल्ली माझ्याकडे असते.
चिलोएच्या या टोकाला पाद्री वर्षातून तीनदा येतात,
तेही समुद्राची मर्जी असेल तर.
बाकीचे रविवार माझे.
घंटा मी वाजवतो, मेणबत्त्या मी लावतो,
आणि बेटावरचं कुणी गेलं
तर नऊ रात्रींची प्रार्थनाही मीच चालवतो.
माझ्याआधी वडील चालवत. त्यांच्याआधी त्यांचे मामा.

चर्च सगळं लाकडाचं. एकही खिळा नाही.
लाकडाची खुंटी लाकडातच ठोकलेली,
पावसानं फुगते आणि आणखी घट्ट बसते.
मी मुलांना दाखवायचो, म्हणायचो,
श्रद्धाही अशीच, पोरांनो,
भिजली की घट्ट होते.

किती सोपं होतं बोलणं.

एलादियो सामन माशांच्या पिंजऱ्यांवर पाणबुड्या होता.
तळाशी जायचं, मेलेले मासे गोळा करायचे, जाळी शिवायची,
वर येताना घाई करायची नाही.
तो घाईनं वर आला,
की वरचं हवेचं यंत्र आधीच बंद पडलं होतं,
कंपनीचे तीन कागद तीन गोष्टी सांगतात.
फुलांचं चक्र मात्र वेळेवर पाठवलं त्यांनी.
रिबिनीवर माझ्या मुलाचं नाव चुकलेलं.
ओतिलिया सुई घेऊन बसली
आणि उजाडेपर्यंत
एकेक सोनेरी अक्षर उसवत राहिली.

त्याच्या नऊ रात्री कुणी चालवायच्या?
मीच उभा राहिलो.
आमच्या स्वर्गातील पित्या, इथवर नीट गेलं.
तुझं राज्य येवो. येऊ दे.
मग ती ओळ आली.
तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.
माझी जीभ वळली नाही.

छपरावर पाऊस तेवढा बोलत होता.
मग तिसऱ्या बाकावरून हेर्मेलिंदा म्हातारीनं
ती ओळ म्हटली,
जेवताना कुणाच्या हातून पडलेला चमचा
त्याच्याकडे न बघता
उचलून ताटाशी ठेवावा, तशी.

तेव्हापासून दर रविवारी मी तिथं थांबतो,
ती सुरू करते आणि सगळे म्हणतात.
कुणी कधी काही विचारलं नाही.
लहान मुलांना तर वाटतं, प्रार्थना अशीच असते,
एक ओळ लोकांची.

रात्री दार आतून लावून मी त्याच्याशी भांडतो,
वेदीवरच्या त्या लाकडी प्रभूशी,
ज्याच्या गुडघ्यांवरचा रंग गेलाय.
म्हणतो, तूसुद्धा त्या बागेत
एकदा म्हणून उठला नाहीस.
तीनदा त्याच जमिनीवर पालथा पडलास.
हा प्याला नको, असं आधी म्हणालास की नाही?
मग मला कसली घाई करतोस?
तो काही बोलत नाही.
घाईही करत नाही, हे मला उशिरा कळलं.

आणि एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती.
तुझे सोबती झोपले, प्रभू.
माझे जागे राहिले.

जूनच्या थंडीत हेर्मेलिंदा गेली.
चुलीशी बसल्या बसल्या, बटाटे सोलता सोलता.
पहिल्या रात्री मी त्या ओळीपाशी आलो, थांबलो.
तिसरा बाक रिकामा.
सगळे तिच्या आवाजाची वाट बघत होते,
इतकी वर्षं तीच सुरू करायची.
ओतिलियानं मान वर केली नाही.
मेणबत्ती एकदा फडफडली.

'तुझ्या...' मी म्हणालो.

तेवढंच. एक शब्द.
पण तो कुणाकडून उसना घेतलेला नव्हता.
उरलेलं त्यांनी उचललं,
आधी एक पोर, मग सगळं चर्च.

आज सकाळी दार फुगून बसलं होतं.
खांदा लावून उघडलं, घंटा वाजवली.
दोन शब्द अजून त्यांच्याकडेच आहेत.
किल्ली माझ्याकडे.