चार आणि पाचच्या मध्ये

गादी सरकलीय, म्हणाले.
मला आधी दुकानातली गादीच आठवली,
तेलकट, एका कोपऱ्यात कापूस बाहेर आलेली.
तिच्यावर चाळीस वर्षं बसलो मी,
खरवईवर घागर चढवून, जरासा डावीकडे कलून.
तांबं कधी कललं नाही.
मी कललो.

मग मार्गशीर्षात एका सकाळी
कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत कुणी तार ओढली,
तापलेली, बारीक, न तुटणारी.
शैला म्हणाली, वात आहे.
समोरचा वडनेरे म्हणाला, गिरणाऱ्याला एक जण आहे,
पाय देऊन मणका बसवतो.
गेलो. त्यानं पाय दिला.
येताना टेम्पोत आडवा, हंड्यांच्या मधे,
गंगापूर रोडभर नुसतं आभाळ.

डॉक्टर आहिरराव माझ्या मुलीच्या वयाची.
फिल्म उजेडाला धरून म्हणाली,
हा चार, हा पाच, आणि मधली ही बघा, काळी पडलीय.
कल्हई उडाल्यासारखी, मी म्हणालो.
ती थांबली. हो, म्हणाली, तसंच. आणि फुगून नसेवर बसलीय.

कापणार किती?
तिनं पेनाचं टोपण दाखवलं.
एवढ्याशातून काय दिसणार, बाई?
"घागरीच्या पोटात तुमचा हात जातो का?"
नाही. लांब मानेची खरवई जाते.
"मग?"

भूल तेवढ्या जागेपुरती.
मी जागा, पालथा, पडदा माझ्या पाठीमागे.
पण मी कानावर पोट भरलेला माणूस:
पाणी वाहत होतं, चिमटा उघडत होता, मिटत होता.
डावा अंगठा हलवा. हलवला.
कळ येतेय? येतेय.
आता?
येतेय.
आता?

शेजारचा ठोकणारा एकाएकी जेवायला उठतो
तेव्हा तांबट गल्लीत जे होतं,
ते झालं.

एक टाका. दुसऱ्या दिवशी
आपल्या पायांनी संडासला जाऊन आलो;
एवढं कौतुक सांगायचं तरी कुणाला?
मुंबई नाक्यावरून घरी येताना
शैला दर गतिरोधकाला, हळू हो भाऊ, हळू.
अकरा होते. मी मोजले.

सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही.
मांडी घालून बसणं विसरा, स्टूल घ्या.
स्टुलावरचा तांबट!
वडनेरे हसला. हसू दे.
लोहाराकडून खरवईला उंच पाय करून घेतलेत.

अंगठा अजून बधिर आहे.
येईल, नाही येणार, ती म्हणाली होती,
गोड बोलली नव्हती.
रात्री शैला दोन आरसे धरून ती जागा दाखवते:
मठारातला एकच ठोका, नेमका बसलेला.
हात हलका आहे पोरीचा.

कोपऱ्यात अर्धी राहिलेली घागर आहे.
मी तिच्याकडे बघतो.
अजून उचललेली नाही.