संकलक

हर्बेरियमच्या कपाटाची किल्ली
मी दगूमामांच्या हातात दिली, तेव्हा
त्यांनी ती लगेच खिशात टाकली नाही.
तळहातावर धरून उभे राहिले,
दुसऱ्याचे सुटे पैसे धरावेत तसे.
"चहा तरी घेऊन जा, मॅडम."
ओढणीचा डांबरगोळ्यांचा वास
कॉलेज रोडच्या सिग्नलपर्यंत सोबत होता.

विभागप्रमुखांचं आडनाव पगार.
माझा सात महिन्यांचा थकलेला.
पहिल्या वर्षी हा विनोद मीही सांगायचे.
तासिका तत्त्वावर:
तास माझा, तत्त्व त्यांचं.

सर कधी ओरडले नाहीत.
लोकांना सांगताना तिथेच अडतं.
ओरडले असते तर निदान तारीख लक्षात राहिली असती.
मीटिंगला ते एक खुर्ची कमी ठेवायचे
आणि मी दारात आले की म्हणायचे,
"अरे, गांगुर्डे बाई! तुम्हाला कोणी कळवलं?"
माझे तास पहिला आणि शेवटचा.
मधे स्टाफरूम, लाठे मॅडमचा शेवयांचा उपमा,
आणि मी आत शिरले की
थंडीवर घसरणाऱ्या गप्पा:
निफाडला म्हणे चार अंशांवर गेलं.

अंजनेरीच्या पठारावरून कंदीलपुष्प मी आणलं होतं.
एकच फांदी, कंदाला हात न लावता.
सप्टेंबर, गुडघ्याएवढं धुकं,
एक बूट चिखलात कायमचा.
शीटवरचं लेबल माझ्या अक्षरात:
कुळ, ठिकाण, उंची, तारीख.
दुसऱ्या दिवशी 'संकलक' या शब्दापुढे
पांढरी शाई होती,
आणि तिच्यावर सरांचं नाव, अजून ओलं.

मी काहीच म्हणाले नाही.
हे लिहून ठेवते,
कारण हल्ली सांगताना
मी काहीतरी म्हणाले होते
असं मला आठवू लागलंय.

मग फाईल. सेट, पीएच.डी., अनुभवाचे दाखले,
ना हरकत प्रमाणपत्र,
ज्यासाठी सरांच्या केबिनबाहेर अकरा दुपारी.
त्यांची हरकत नव्हती. फक्त वेळ नव्हता.

चोपडा. शहादा. वैजापूर.
सीबीएसवरून पहाटेची एसटी,
मांडीवर फाईल, फाईलवर डबा.
एका ठिकाणी सत्तावीस जण, जागा एक.
पाणी वाटणारा पोरगा फक्त एकीला म्हणाला,
"ताई, तुम्ही आत पंख्याखाली बसा."
आम्ही सव्वीस जण एकमेकांकडे बघून हसलो.
दुसऱ्या ठिकाणी सचिवांनी फार आस्थेनं विचारलं,
"वडिलांची गंगापूर रोडला काही जागा वगैरे?"
विषय वनस्पतिशास्त्र.
मला आधी वाटलं, बागेबद्दल विचारतायत.

बाबा तीस वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये.
आकडा ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले,
"एवढे मी जेवणाच्या सुट्टीच्या आत मोजायचो."
आणि बोटं झटकली,
जणू अजून शाई लागलेली.

काल माळ्यावरून रोपं दाबायच्या फळ्या काढल्या.
आत सात वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र, त्यात एक टाकळा,
नासर्डीच्या काठावरून उपटलेला, मी विसरलेला.
त्याच्या पानाचा तपकिरी डाग
एका जाहिरातीवर उमटलाय:
पाहिजेत, सहायक प्राध्यापक, पद एक.
तीच संस्था. तेच पद.
सोमवारी तिथेच बोलावलंय, संगमनेरला.

टाकळा कोण चोरणार?
तरी लेबल लिहिलं.
कुळ, ठिकाण. उंची आठवेना, तिथे रेघ मारली.
संकलक: वृंदा गांगुर्डे.
फुंकर न घालता वाळू दिलं.

बाहेरच्या खोलीत बाबा
टेबलावर नाण्यांच्या चळती लावतायत.
"सुटे घेऊन जा," म्हणतात,
"पहाटेचे कंडक्टर कटकट करतात."
आणि पुन्हा एकदा मोजतात.