गधेगळ

कोलशेतला, पाण्याच्या टाकीमागे
पार्किंगच्या भिंतीत अर्धी गाडलेली शिळा.
वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी,
खाली बाई आणि गाढव.
वॉचमन तिला शेंदूर लावतो.

बोटांनी चाचपून एक नाव लागतं: जोमलदेवी.
उरलेलं मी रचते.

श्रीस्थानकात राजा गेला.
थोरलीचा मुलगा आठ वर्षांचा,
धाकटीचं पोर पाळण्यात,
आणि खाडीत दोघींच्या भावांची गलबतं
भरतीची वाट बघत.

जोमलदेवीनं, थोरलीनं, रक्ताऐवजी मीठ दिलं:
सवतीच्या लेकाला पाच मिठागरं, नारळीची वाडी.
बदल्यात पाळणा गादीपासून लांब.
"चंद्रसूर्य असेतो," ती म्हणाली.
पाथरवटानं विचारलं,
"खाली नेहमीचंच ना, देवी?
जो हे मोडील, त्याची माय..."
तिनं मान हलवली. डोळ्यांपुढे
सवतीचे भाऊ होते.

बारा वर्षांनी मिसरूड फुटलेला तिचाच लेक
मिठागरांत घोडे घालून आला.

त्या रात्री ती जेवली का,
दार कुणी ठोठावलं का,
याचा ताम्रपट नाही.

"छन्नी बोथट असणार," वॉचमन म्हणतो,
"बाईला तोंडच नीट आलं नाही."

वाकून बघते. गाढवाचे कानसुद्धा रेखीव आहेत.
तोंड कोरलेलं होतं.
मागाहून कुणीतरी ते घासत राहिलंय,
ओल्या मिठानं, पुष्कळ वर्षं.

सवतीचा हात असावा,
असं मी धरून चालते.