शेरा

नगरपालिकेच्या तक्त्यात रकाने तीनच:
सदाहरित, पानझडी, सूचिपर्णी.
चौथा शेऱ्याचा, करंगळीएवढा.
माघ सरत आला होता. मी पाचगणीत
रोजंदारीवर झाडं मोजत होते.
गळ्यात टेप, पिशवीत खडू,
आणि टेबललँडवरून उतरणारा कोरडा वारा
हातातला कागद ओढत राहायचा.

पहिलंच जांभूळ, शाळेच्या फाटकाशी.
'सदाहरित', मी ठासून लिहिलं.
फुलाबाई सपकाळ खराट्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून म्हणाल्या,
"सदा हिरवं? मग ही रोजची पाटी कुणाची?
ह्ये कधीच थांबत न्हाय, बाई.
आज चार पानं, उद्या धा.
वर बघणाऱ्याला कळत न्हाय.
झाडणाऱ्याला कळतं."

त्यांची वर्गवारी कंबरेतून आलेली.
रोज थोडं टाकणारी झाडं,
एकदाच सगळं टाकून मोकळी होणारी,
आणि खराट्यात अडकणारी.

अडकणारं म्हणजे बंगल्यामागचा सुरू.
सुया लोंबताहेत, खाली बोराएवढे शंकू पडलेत,
मी बिनधास्त तिसऱ्या रकान्यात टाकला.
संध्याकाळी भिलारे सरांनी
(बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र, आता मधमाश्या)
एक सुई दोन चिमटींत धरून ओढली.
सांध्यावर सुटली. टिक्.
"सुई नव्हे ही, डहाळी. पान बघायचं तर भिंग आण.
याला फुलं येतात, पोरी. शंकू कसला, फळ आहे ते."
"मग पहिल्या रकान्यात, सर?"
"लिही," म्हणाले,
आणि चहा निवेपर्यंत ते तुकडे
टेबलावर पुन्हा जोडत बसले.

तिसऱ्या दिवशी घाटाकडच्या वळणावर
शिवण. एक पान नाही.
खोडावर तांबडी फुली.
मागच्या गणनेचा कागद उलगडला:
'वाळलेले. धोकादायक. तोडावे.'
खाली तारीख, फेब्रुवारीची.
माझ्यासारखंच कुणी
माझ्याच महिन्यात येऊन गेलं होतं,
आणि तक्त्यात महिन्याला रकाना नव्हता.

फुलाबाईंनी खराटा कुशीत धरला,
खालची फांदी वाकवली,
अंगठ्याच्या नखानं साल खरवडली.
आत हिरवं. ओलं. काकडीच्या सालीखाली असतं तसं.
"पुसात हिच्या पाच पाट्या भरल्या मी," म्हणाल्या,
"मेलेलं झाड पाटी भरत न्हाय."

शेऱ्याच्या रकान्यात 'जिवंत' कसंबसं बसलं.
'चैत्रात पुन्हा पाहावे' समासात गेलं,
तिथून वळून कागदाच्या पाठीवर.
मग खडूनं ती फुली झाकायला गेले.
ऑइलपेंट होता,
त्यावर खडू उमटत नव्हता.
फुलाबाई नखातली हिरवी साल
पदराला पुसत
पुढच्या झाडाकडे निघाल्या होत्या.