प्रश्न सातवा: दिवे

नेदरकूममध्ये फॉर्म वाटले एकशे बारा,
परत आले ब्याऐंशी.
एक कोंबड्यांनी टोचलेला,
एकावर चहाच्या कपाचं तपकिरी गोल.
सभागृहाच्या हीटरमध्ये नाणं टाकते
आणि मोजायला बसते.
पॅरिशची कारकून. आठवड्याचे सहा तास पगारी,
बाकीचे माझे.

'नाव लिहू नये' असं वर ठळक छापलंय.
पण इथे अक्षर म्हणजेच नाव.
हे पेन कागदात रुतवून लिहिणारे वॉल्टर एंडाकॉट,
ही हिरवी शाई मिस लसकमची,
शाळा बंद झाली तरी ती अजून चुका सुधारते,
माझ्या प्रश्नातल्यासुद्धा.

बस.
'बस मंगळवारी नेते आणि शुक्रवारी आणते.
मधले तीन दिवस मी कुठे राहायचं?'

तळं.
'याला तळं म्हणणं आधी थांबवा.'
आणि खाली, रंगीत खडूनं:
'पाण्यात एक ट्रॉली आहे ती काढू नका
तिच्यात पाणसरडे राहतात मी मोजलेत नऊ.'

पायवाटा.
वळू गरीब आहे, असं एक जण लिहितो.
वळू गरीब नाही, असं चौघे लिहितात.
तो एक जण वळूचा मालक.

लाल टेलिफोन खोक्यात आता टेलिफोन नाही,
बंद पडलेलं हृदय चालू करायचं यंत्र आहे
आणि खालच्या फळीवर रहस्यकथा.
तक्रार यंत्राबद्दल नाही.
'शेवटची पानं कोण फाडतं ते शोधा.'

खड्डा, चर्चच्या गल्लीतला.
ब्याऐंशीपैकी ब्याऐंशी.
इतकं एकमत या गावात
युद्ध संपलं तेव्हाही नसेल झालं.

मग सातवा. गल्लीत तीन दिवे हवेत का?

वॉल्टर लिहितात:
'सभागृहावर एक दिवा लावलात,
मनोऱ्यातली घुबडीण निघून गेली.
तिला फॉर्म पाठवला होता का?'

आणि बारीक, एका बाजूला कललेलं अक्षर,
ग्वेन याब्सलीचं:
'राल्फ रात्री उठतो, धारा काढायला निघतो.
गाई विकून अकरा वर्षं झाली.
तो गेला तर गेलेला तरी दिसावा.'

हवेत: एक्केचाळीस.
नकोत: एक्केचाळीस.
पुन्हा मोजते. हीटर विझतो.
दुसरं नाणं नाही.
त्र्याऐंशीवा फॉर्म माझ्या पिशवीत,
कोराच.

घरी जाताना मुद्दाम टॉर्च लावत नाही.
बघू या, म्हणते, एक्केचाळीस जणांचा अंधार
कसा असतो तो.
आधी काहीच नसतो. मग कुंपणाचा वास येतो,
ओल्या लोकरीचा, रानलसणीचा,
मग वर इतके तारे
की मान अवघडते.

आणि फाटकाची कडी वाजते.

'गाई आल्या का आत?'
पायजमा, गमबूट, हातात रिकामी बादली.
सुधारावं का त्यांना? मला हे कुणी शिकवलेलं नाही.
'आल्या,' म्हणते, 'सगळ्या आल्या.'
'तांबडीसुद्धा?'
'ती सगळ्यात आधी.'

परत वळवते त्यांना. कोपर धरते.
पण जरा वेळानं कळतं,
कोपर त्यांनी धरलंय माझं.
दगडी भिंत संपते तिथे थांबतात,
मला डावीकडे ओढतात हळूच.
'इथे खड्डा आहे, पोरी. जपून.'

ग्वेन दारात उभी, मागून उजेड.
काही बोलत नाही. बादली घेते.

स्वयंपाकघरात बसून फॉर्म भरते आता.
बस, तळं, वळू सगळं झालं.
खड्ड्यापुढे बरोबरची खूण करताना
पेन जरा अडखळतं.

सातव्याला हात लावलेला नाही.
मुदत शुक्रवार संध्याकाळपर्यंत.
बाहेर काहीतरी घुमतं,
घुबड असेल,
किंवा तळ्याकडच्या चिमणीतला वारा.
खिडकी उघडून मी दिवा मालवते,
आणि नीट ऐकते.