चार्ज

झंखनाबेन, ही घ्या कपाटाची किल्ली.
खंडेराव मार्केटच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर,
जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी,
पाण्याच्या पिंपामागे आहे ते.
किल्ली अर्धी फिरवायची, थांबायचं,
गुडघ्यानं दार दाबायचं, मग उरलेली अर्धी.
हे कळेपर्यंत माझी दिवाळी उजाडली.

आत एक शाल, सत्काराची, घडी न मोडलेली,
दोन रिफिली,
आणि ठरावाची प्रत. तिच्यात आपलं पद
'नगरकवी, हंगामी' असं लिहिलंय.
हंगाम कुठला, मी विचारलं होतं.
बोरांचा, म्हणाले रणछोडभाई,
आणि बसायला स्टूल सरकवलं.

उड्डाणपुलावर मी चोवीस ओळी लिहिल्या.
माझी पाळी आली तेव्हा मांडववाले
खुर्च्या एकात एक घालत होते.
तो खटखट ताल माझ्या वृत्तापेक्षा बरा होता.
वहीत आहे, पान नऊ.

लोक येतात. दुकानाला नाव हवं म्हणून येतात.
पत्रिकेत आजोबा गेल्याचं कळावं
पण मांडवावर सावली पडू नये, अशी ओळ मागतात.
फतेपुऱ्याचे इद्रिसभाई पतंगवाले म्हणाले,
कापला गेला तरी ज्याच्या हाती लागेल
त्यानं वाचावं असं काहीतरी द्या.
मी दिलं: 'मांजा माझा, वारा सगळ्यांचा.'
फेब्रुवारीत ते कागद लिंबाच्या फांद्यांवर,
तारांवर, बस डेपोच्या पत्र्यावर.
एवढा मोठा वाचकवर्ग मला कधीच नव्हता.

वाडीतल्या कुसुमताई दळवी आल्या.
कविता नको, अर्ज हवा.
खांब क्रमांक एकशे सत्तेचाळीस, सात महिने बंद,
सात अर्ज दिले, कुणी वाचत नाही.
'तुम्ही वाचावंसं वाटेल असं लिहिता ना?'
तीन दिवस बसले मी त्या अर्जावर.
विशेषणं सगळी काढली.
लिहिलं की मुलगी रात्रपाळीहून येते तेव्हा
या मोबाइलचा टॉर्च धरून खांबापाशी उभ्या राहतात,
आणि आता लोक पत्ता सांगतात तो असा:
'बेन ऊभां छे, त्यांथी डाबी बाजू.'
बुधवारी दिवा लागला.
कुसुमताईंनी पेढे आणले, वायरमनलाही दिले.

पूर आला त्या आठवड्यात काही लिहिलं नाही.
विश्वामित्री जिन्यात, मगर सोसायटीच्या पार्किंगमध्ये,
आणि माझ्या हातात भोंगा. तुमचा आवाज पोचतो, म्हणाले.
होडीतून गच्च्यांना नावं विचारत गेले,
कुणाला इन्सुलिन, कुणाला दूध,
तीच नावं मागच्या होडीला ओरडून सांगितली.
काही नावं दोनदा घेतली, तीनदा घेतली.
रणछोडभाई म्हणतात, तुमचं ते वाचन सगळ्यात चांगलं.
मी वाद घातला नाही.

मराठीत का लिहिता, अशी एकच तक्रार आली,
गुजरातीत, मोत्यासारख्या अक्षरात.
मी गुजरातीतच उत्तर दिलं.
त्यांनी ते लाल शाईनं तपासून परत पाठवलं.
तेव्हापासून महिन्याला एक पत्र, महिन्याला एक दुरुस्ती.
ती फाइल चार्जमध्ये नाही. ती माझी.

अजून एक. गुरुवारी चारला एक काका येतात.
पत्नीचा दाखला घ्यायला आले होते,
चुकून आपल्या दारात शिरले.
त्यांना काही लिहून नको असतं.
खुर्ची खिडकीकडे वळवून द्या, पंखा दोनवर.
साडेचारला उठतात, 'चालो' म्हणतात.
आपणही 'चालो' म्हणायचं.

मानधन मार्चनंतर येतं.
किल्ली निघताना अडकते. ओढू नका.